कॅमेऱ्याचा मोतीबिंदू

आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको. मी शाळेत जात नाही. नववीत नापास झाले आणि शाळेनं मला काही बोलायच्या आत मीच शाळेला बोलले. आधी कोण बोललं यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. त्या नापासाच्या प्रगतीपुस्तकाचे मी बारीक बारीक तुकडे करणार होते. जमलं नाही. माझ्या हातात पडायच्या आधीच पप्पांनी ते लॅमिनेट करून आणलं होतं. मी दातांनीसुद्धा प्रयत्न केला. दात दुखले, पण गणिताचे अकरा मार्क जसेच्या तसे राहिले.

आता कुणाला वाटेल, काय विचित्र माणूस आहे हा. तसं नाही. पप्पा एका ऑफिसात जुन्या फायली सांभाळतात. वाळवी, उंदीर, गळकं छप्पर आणि साहेबांचा चहाचा कप हे चौघं मिळून कागदाचं काय करतात ते त्यांनी इतकी वर्षं जवळून बघितलंय. त्यामुळे त्यांचा एकच नियम. जे उघडं आहे ते खराब होणार. आमच्या टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो. सोफ्याला कव्हर आहे, आणि कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर आहे. सोफ्याचा रंग कुठला, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. फ्रीजच्या दारावर दुकानातून येताना जे निळसर प्लास्टिक होतं ते परवापर्यंत तसंच होतं. मी पाच वर्षांची असताना त्याचा एक कोपरा सोलला होता. पप्पांनी तो चिकटपट्टीनं परत बसवला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तर शाळा सुटल्यावर मी काही नुसती बसून नव्हते. टायपिंगच्या क्लासला सहा दिवस गेले, तिथल्या मॅडमशी वाजलं. मग पार्लरमध्ये शिकायला गेले, अकरा दिवस. तिथे एका बाईंनी आरशात बघत मला विचारलं, "भुवया सारख्या झाल्यात ना गं?" मी म्हटलं, "नाही." खरं ते सांगितलं. बाराव्या दिवशी मी घरी होते.

माझं असं आहे, की मला दिसतं. दारातल्या चपला बघून मी सांगू शकते शेजारी भांडण झालंय की नाही. अक्षरांकडे बघितलं की झोप येते, पण माणसांकडे बघितलं की येत नाही. म्हणून मोबाइलवर ती जाहिरात आली तेव्हा मी ताडकन उठून बसले. 'नवशिक्यांसाठी डिजिटल फोटोग्राफी. ऑनलाइन. सहा आठवडे. शेवटी प्रमाणपत्र.' नुसतं बघण्याचाच क्लास! वर आमच्या कपाटात कॅमेरा पडून होता. पप्पांची नोकरीत पंचवीस वर्षं झाली तेव्हा ऑफिसनं त्यांना विचारलं होतं, घड्याळ हवं, बॅग हवी का कॅमेरा? आई म्हणाली बॅग घ्या. पप्पांनी कॅमेरा घेतला. का? तर त्याचा खोका सगळ्यात भक्कम होता. तीन वर्षं तो कॅमेरा खोक्यात, खोका पिशवीत आणि पिशवी उशीच्या अभ्र्यात, अशी आरामात झोप काढत होता.

"कॅमेरा देतो," पप्पा म्हणाले. "पण यावेळी शेवटपर्यंत करायचं. प्रमाणपत्र आणायचं."

"आणेन."

"आणि नाही आणलंस, तर तो बघ."

फ्रीजवर एक प्लास्टिकची फाइल होती. तिच्यात शाळेत परत घेण्याचा फॉर्म होता. इयत्ता नववी. भरलेला, खाली पप्पांची सही, फक्त तारीख टाकायची बाकी. आता नववीच्या त्या वर्गात कोण आहे माहितीय? माझी मावसबहीण. जिचं शेंबडं नाक मी माझ्या हातानं पुसलंय ती. तिच्या शेजारी बाकावर बसायचं आणि तिनं मला गणित समजावून सांगायचं! मी फाइलकडे बघितलं, फाइलनं माझ्याकडे बघितलं.

"मंजूर," मी म्हटलं.

क्लास आठवड्यातून दोनदा, दुपारी चारला. आम्ही तेवीस जण छोट्या छोट्या चौकोनांत बसायचो आणि मोठ्या चौकोनात सर. म्हणजे अर्धे सर. त्यांचा लॅपटॉप असा काही ठेवलेला असायचा, की वर पंखा दिसायचा, मग कपाळ, डोळे, नाक, आणि तिथे सर संपायचे. ओठ नाही, हनुवटी नाही. पहिल्याच दिवशी सर सांगत होते, "फ्रेममध्ये काय घ्यायचं आणि काय सोडायचं, यातच सगळी फोटोग्राफी आहे."

मी आईला म्हटलं, "याला स्वतःची हनुवटी फ्रेममध्ये घेता येईना, आणि हा आपल्याला शिकवतोय!"

माझा माइक चालू होता.

बावीस चौकोनांतले डोळे मोठे झाले. कपाळावर एक आठी उमटली. आठी मात्र फ्रेमच्या अगदी मधोमध आली होती, हे मला मान्य केलं पाहिजे. सर शांतपणे म्हणाले, "नजर चांगली आहे तुमची. आता फोटोत दिसू दे." यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

शनिवारच्या क्लासला पप्पा घरी असायचे. माझ्यामागे खुर्ची टाकून वही घेऊन बसायचे. सरांनी विचारलं, "शटर म्हणजे काय, कोण सांगेल?" तर माझ्या खांद्यावरून आवाज, "दुकानाचं विचारताय का कॅमेऱ्याचं?" मागून आई बादली घेऊन गेली, परत आली, परत गेली. पुढच्या आठवड्यात एका मुलीनं मला मेसेज केला, 'तुझ्या आईची बादली भरली का गं?'

एवढी बेअब्रू सहन करून मी फोटो काढायला लागले. पहिला गळक्या नळाचा, दुसरा आईच्या हातांचा, तिसरा दारातल्या चपलांचा, कारण त्या दिवशी शेजारी खरंच भांडण झालं होतं. तिन्ही लॅपटॉपवर टाकले आणि बघते तर काय, सगळ्यांवर जणू कुणी दूध सांडलेलं. नळ आहे का हत्तीची सोंड आहे, कळेना. चपला कुणाच्या ते सोड, चपला आहेत हेच कळेना.

"फोकस," सर म्हणाले. "फोकस नीट करा."

मी केला. आलं दूध. मी फोकस हातानं केला, आपोआप केला, जवळून केला, लांबून केला. दूधच. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर बघून काही कळायचं नाही, कारण त्यावरही प्लास्टिक होतंच. ते सोलायचं नाही, ही पप्पांची पहिली अट.

आणि मग सुरू झाले सल्ले. आमच्या इमारतीत पाणी कमी येतं, सल्ले चोवीस तास येतात. आई म्हणाली, "आधी केस बांध. केस मधे येत असतील." बांधले. पप्पा म्हणाले, "पुस्तक वाच." कॅमेऱ्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्यांनी कव्हर घालून ठेवलं होतं, ते वाचलं. म्हणजे चाळलं. म्हणजे चित्रं बघितली. तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. त्यांना सगळ्या गोष्टींचा लेखी अर्ज लागतो, म्हणून आम्ही पोरं त्यांना अर्जकाका म्हणतो. ते म्हणाले, "तुझ्यात राग आहे. तो राग हातात उतरतो, हात हलतो, फोटो हलतो. राग सोड."

"मला राग येत नाही!" मी ओरडले.

"बघ," काका म्हणाले.

हात हलू नये म्हणून तिपाई हवी होती. नव्हती. मी इस्त्रीचं टेबल उभं केलं, त्यावर दोन उशा आणि उशांवर कॅमेरा. ते टेबल घेऊन मी जिन्यावरून वर-खाली करायला लागले, तेव्हा दोन घरांनी मला इस्त्रीसाठी कपडे आणून दिले.

समोरच्या दारात एक काकू शिवणकाम करतात. पडदे, शर्ट, पॅन्ट, उशांचे अभ्रे, काहीही. त्यांच्या दारात मशिनची घरघर सुरू नसेल तर समजायचं, वीज गेलीय. त्यांनी माझे फोटो बघितले, चष्मा वर सरकवला, परत खाली घेतला आणि म्हणाल्या, "काय गं, तुझ्या कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय का?"

जिन्यात जमलेली सगळी एवढी हसली! मी तणतणत घरी आले आणि दार आपटलं. दाराला आपटल्याचा आवाज येऊ नये म्हणून पप्पांनी रबर लावलंय. त्यामुळे आमच्याकडे धड रागावतासुद्धा येत नाही.

सरांनी नवा उपाय सांगितला. लेन्स पुसा. मऊ कापडानं, गोल गोल, हलक्या हातानं. मी रोज पुसायला लागले. आंघोळ चुकली असेल, पण लेन्स पुसायची चुकली नाही. पप्पा ते कौतुकानं बघायचे. "अशी निगा राखावी," आईला म्हणायचे. "बघ, पोरगी सुधारतेय."

मधे एकदा माझं नशीब फळफळलं. विषय होता 'सकाळ'. मी खिडकीतून समोरच्या रस्त्याचा फोटो काढला. आला नेहमीसारखाच. पण सर एकदम खूश! "वा! धुकं किती सुंदर पकडलंय बघा. हा परिणाम कसा साधलात?" बावीस चौकोन माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सर, पहाटे उठले." बाहेर कडक ऊन होतं आणि मी नऊला उठले होते, हे इस्त्रीच्या टेबलाला माहीत.

पण पुढचा विषय होता 'घरातली एक वस्तू'. मी बादली काढली. सरांनी तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. म्हणाले, "बाथरूममध्येसुद्धा धुकं पडतं का तुमच्याकडे?"

पाचव्या आठवड्यात शेवटचं काम मिळालं. 'काम करणारी माणसं', दहा फोटो. यावरच पास-नापास. "चेहरा असा हवा," सर म्हणाले, "की पापण्या मोजता आल्या पाहिजेत." मी ठरवलं, आपल्याच इमारतीत काढू. पहिला फोटो जिना पुसणाऱ्या बाईंचा घेतला आणि अर्ध्या तासात खाली फळ्यावर सूचना लागली. 'इमारतीच्या सामाईक जागेत परवानगीशिवाय छायाचित्रण करू नये. हुकमावरून.' खाली शिक्का.

मी अर्जकाकांकडे गेले. ते म्हणाले, "लेखी अर्ज दे." दिला. "ज्यांचे फोटो काढणार, त्यांचं हरकत नाही म्हणून पत्र लाव." दहा पत्रं लावली. "आता अर्जदाराचा फोटो चिकटव." मी इस्त्रीच्या टेबलावर कॅमेरा ठेवला, दहा सेकंदांची वेळ लावली, धावत जाऊन समोर उभी राहिले, फोटो छापून आणला आणि चिकटवला. काकांनी तो उजेडात धरला.

"यात तू आहेस कशावरून?"

"काका, मीच आहे!"

"कुणीही असू शकतं. पडदा असू शकतो. चेहरा स्पष्ट दिसत नसेल तर अर्ज बाद."

म्हणजे फोटो काढायला परवानगी हवी, परवानगीला चांगला फोटो हवा, आणि चांगला फोटो आला असता तर मी इथे कशाला उभी असते? माझा तोल गेला. मी म्हटलं, "काका, तुमचा शिक्का तरी कुठे स्पष्ट आहे? त्यावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचून दाखवा!"

काकांनी शिक्का बघितला. शिक्क्यावरचं खरंच वाचता येत नव्हतं. त्यांनी अर्ज घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

आईनं मध्यस्थी केली. "काका, पोरीचं बोलणं मनावर घेऊ नका. उलट पहिला फोटो तुमचाच काढू दे ना. टेबलाशी बसलेले, हातात शिक्का." काका विरघळले. भांग पाडला, टाय बांधला. इमारतीत कुणाला माहीत नव्हतं त्यांच्याकडे टाय आहे म्हणून. टेबलावर फायली रचल्या, शिक्का हवेत धरला आणि श्वास रोखून बसले. मी फोटो काढला. लॅपटॉपवर दाखवला.

काकांनी पडद्यावरची ती भुतासारखी पांढुरकी आकृती जवळून बघितली. मग हळूच म्हणाले, "मी गेलोय का यात?"

शेवटच्या शनिवारच्या आदल्या क्लासला सरांनी मला थांबवून घेतलं. पप्पांनाही त्या दिवशी सुट्टी होती. बाकीचे चौकोन एकेक करून विझले. सर म्हणाले, "तुमच्यात एक गोष्ट आहे. क्षण बरोबर पकडता. त्या बाईंनी फडकं पिळलंय, बरोबर तेव्हाच बटण दाबलंय तुम्ही. हे शिकवून येत नाही. पण फोटो धूसर आहेत. असेच दहा आले, तर मी पास करू शकणार नाही. माझाही नाइलाज आहे."

मी म्हटलं, "सर, कॅमेराच खराब आहे."

मागून पप्पांचा आवाज आला. मला नाही, आईला म्हणत होते, पण मला ऐकू यावं इतक्याच हळू. "नाचता येईना, अंगण वाकडं."

इतर वेळी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी नाही घेतलं. का कोण जाणे, पहिल्यांदाच वाटलं, की खरंच मीच असेन. टायपिंगच्या मॅडम, पार्लरवाल्या ताई, गणिताचे सर, सगळे एका बाजूला आणि मी एका बाजूला. सगळेच कसे चुकतील? मी गुपचूप कॅमेरा पुसला. गोल गोल. हलक्या हातानं. मग स्टूल घेतलं आणि फ्रीजवरची फाइल स्वतःच खाली काढून टेबलावर ठेवली.

आई घाबरली. "तुला बरं नाही का?"

शनिवारी क्लास नव्हता, संध्याकाळी सहापर्यंत नुसते फोटो पाठवायचे होते. दुपारी जेवण झाल्यावर आईनं माझा शाळेचा जुना गणवेश बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. "समोर जा. काकूंना सांग, बाह्या आणि उंची वाढवायची." ती माझ्याकडे बघत नव्हती. मी गेले. कॅमेरा गळ्यातच होता. परत खोक्यात ठेवायचा म्हणून गळ्यात घातला होता, पण खोक्यात ठेवायला हात उचलत नव्हता.

काकूंनी गणवेश माझ्या अंगावर चढवला आणि टाचण्या लावायला लागल्या. खांद्यावर माप घ्यायला कॅमेऱ्याचा पट्टा मधे येत होता.

"काढ ते ओझं." त्यांनीच तो माझ्या गळ्यातून काढला. खाली ठेवणार, तेवढ्यात थांबल्या. खिडकीपाशी गेल्या. सुईत दोरा ओवायला त्या जिथे उभ्या राहतात, तिथे. कॅमेरा उजेडात तिरका धरला.

"काय गं, याला अस्तर आहे?"

मी म्हटलं, "काकू, लेन्सला अस्तर नसतं."

"मला अस्तर शिकवतेस? तीस वर्षं अस्तरं लावतेय मी. हे बघ, इथे कडेला जोड दिसतोय. कापणाऱ्याचा हात थरथरलाय."

"ती काच आहे काकू. तशीच असते."

"काचेला कुठे कड सुटते?" त्यांनी तोंडातली टाचणी काढली, टोक लेन्सच्या कडेला लावलं आणि अलगद उचललं. मी किंचाळणारच होते. पण किंचाळी बाहेर यायच्या आत एक गोल, दुधट, मऊसर प्लास्टिकची चकती काकूंच्या टाचणीवर लटकत होती. आणि तिच्याखाली काळी, खोल, लखलखीत काच. विहिरीत बघावं तशी. काचेत मी दिसत होते, गणवेशात, तोंड उघडं पडलेलं.

सहा आठवडे मी ते प्लास्टिक पुसत होते. गोल गोल. हलक्या हातानं.

मी चकती बोटावर घेतली आणि तशीच घरी पळाले. एका बाहीला टाचण्या, दुसरी बाही लोंबतेय. पप्पा चादरीवर, म्हणजे कव्हरवर, म्हणजे सोफ्यावर पेपर वाचत बसले होते. मी बोट त्यांच्या नाकासमोर धरलं.

"पप्पा! हे काय आहे?"

पप्पांनी बघितलं आणि चेहराच उतरला त्यांचा. "अगं, काढलंस? काय केलंस हे! मोबाइलच्या दुकानातल्या माणसाला ते गोल कापायला अर्धा तास लागला होता. एकही बुडबुडा राहू दिला नव्हता त्यानं. बिनचकाकीचं, मॅट घेतलं होतं मुद्दाम, ठसे उमटत नाहीत. साधी काच आहे ती, ओरखडा पडला असता तर…"

बोलता बोलता ते थांबले. पेपर खाली गेला. त्यांनी चकती माझ्या बोटावरून घेतली, डोळ्यासमोर धरली आणि तिच्यातून माझ्याकडे बघितलं. मग ती बाजूला करून बघितलं. परत धरली. परत बाजूला केली.

"म्हणजे," ते म्हणाले, "सहा आठवडे…"

"सहा आठवडे!"

"ते धुकं…"

"हेच!"

"बादली…"

"बादलीसुद्धा!"

आई दारात येऊन उभी होती, हातात बादली. मी तयारीत होते. आयुष्यातला सगळ्यात मोठा राग येणार होता, मला माहीत होतं, मी श्वाससुद्धा भरून घेतला होता. आणि तो आलाच नाही. मी चुकत नव्हते. अंगण खरंच वाकडं होतं! मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यातून बघितलं तर पप्पा चकती दोन बोटांत धरून बसलेले, मान खाली, एवढेसे झालेले. मला दिसलं. मी कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं.

लॅपटॉपवर फोटो उघडला. पप्पांच्या पापण्या मोजता येत होत्या. चष्म्याच्या काडीला गुंडाळलेली चिकटपट्टी दिसत होती. बोटांना लागलेली शाई दिसत होती. आणि त्या बोटांत धरलेली ती चकती, तिच्या पलीकडचा शर्ट तेवढा धूसर. मागे सोफ्यावरची चादर सरकली होती, कव्हरही सरकलं होतं. आमचा सोफा हिरवा आहे.

"तुझी चूक नव्हती तर," पप्पा म्हणाले. इतक्या हळू, की मी परत म्हणायला लावलं. दोनदा.

तीन तास होते आणि नऊ फोटो. मी काकूंचा काढला, दातांत टाचणी धरलेली. जिना पुसणाऱ्या बाईंचा, टाकीवर चढलेल्या प्लंबरचा, पेपर टाकणाऱ्या ताईंचा, आईचा बादलीसकट. मग अर्जकाकांचं दार वाजवलं. काका म्हणाले, "परवानगी नाही." मी समोर उभी राहून फोटो काढला आणि कॅमेऱ्याचा मागचा पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यावरचं प्लास्टिक पप्पांनी स्वतःच्या हातानं सोललं होतं. जिन्यात, माझ्यासमोर, डोळे मिटून.

काकांनी स्वतःला नीट बघितलं. कपाळ, मिशी, हातातला शिक्का. "शिक्क्यावरचं वाचता येतंय की," ते म्हणाले. "उलटं आहे, पण वाचता येतंय." मग टाय बांधायला आत पळाले. तोपर्यंत मी आणखी तिघांकडे जाऊन आले.

सहाला चार मिनिटं असताना मी पाठवायचं बटण दाबलं. पडद्यावरचं चाक गरगर फिरायला लागलं. पप्पा, आई, काकू आणि टायवाले काका, सगळे त्या चाकाकडे बघत उभे. कुणी सल्ला दिला नाही. आमच्या इमारतीत असं पहिल्यांदाच झालं. सहाला एक मिनिट असताना चाक थांबलं. फोटो गेले.

दुसऱ्या दिवशी निकालाचा क्लास होता. माझी पाळी आली तेव्हा सर एकेक फोटो मोठा करायला लागले. दहाही फोटो बघितले आणि मग पहिल्यावर परत आले, पप्पांच्या. म्हणाले, "हे तुम्हीच काढलेत? मागच्या आठवड्यात तर… काय केलंत काय?"

मी तोंड उघडायच्या आत माझ्या खांद्यावरून एक मान पुढे आली. "सर," पप्पा म्हणाले, "लेन्सवर प्लास्टिक होतं. मी लावलेलं. तिची काही चूक नाही, हे जरा लिहून घ्या." ऑफिसात साहेबांसमोर उभे राहत असतील तसे ताठ उभे होते.

बावीस चौकोन खदखदून हसले. सरही हसले, आणि हसताना बहुतेक त्यांचा हात लॅपटॉपला लागला, कारण पडदा खाली कलला आणि सहा आठवड्यांनी आम्हाला सरांची हनुवटी दिसली. साधीच होती. "पास," हनुवटी म्हणाली. "चांगल्या पास."

प्रमाणपत्र आठवड्यानं आलं. गणवेश टाचण्यांसकट कपाटात गेला. फॉर्मची फाइल परत फ्रीजवर गेली, तारीख न टाकताच. पप्पा म्हणाले, राहू दे, कागद आहे, असावा. मी म्हटलं, असू दे. बाकी फ्रीज आता पांढरा आहे. निळं प्लास्टिक आईनंच एका दुपारी ओढून काढलं.

संध्याकाळी पप्पा ऑफिसातून आले, बूट काढले, हात धुतले, पुसले आणि मग प्रमाणपत्र हातात घेतलं. पुढून बघितलं, मागून बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"लॅमिनेट करून आणू?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

मला ते अकरा मार्क आठवले. दात आठवले.

"आणा," मी म्हटलं. "जाड प्लास्टिकचं करा. फाटायला नको."